पगारातून टॅक्स कापलाच नाही, आता काय करायचं?

दर वर्षी जून-जुलै आला की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. वर्षभर पगार पूर्ण खात्यात पडला, कंपनीने एक रुपया टीडीएस (पगार देतानाच कापला जाणारा टॅक्स) कापला नाही, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचं कंपनीचं सर्टिफिकेट) मागितला तर एचआर म्हणतं टॅक्स कटच झाला नाही तर फॉर्म कशाचा देणार, आणि मग रिटर्न भरायला बसल्यावर पोर्टल सरळ ८०-९० हजार भरा म्हणतं आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका. हे निस्तरता येतं, तुरुंगबिरुंग काही होत नाही, पण किती महागात पडेल ते तुमच्या लक्षात कोणत्या महिन्यात येतं त्यावर आहे, म्हणून हा लेख रिटर्नच्या वेळी नाही तर वर्षाच्या मधेच वाचलात तर जास्त फायदा.

खाली सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे धरलेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. त्या वर्षाला जुनाच १९६१ चा कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा आलाय, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले, पण पगारातून टॅक्स कापण्याची पद्धत मुळात तीच आहे.

आधी सॅलरी स्लिप नीट बघा. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या स्लिपवर दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कट झालेले दिसतात, वर्षाचे २५०० होतात, आणि खूप लोकांना वाटतं की हाच आपला टॅक्स कापतायत, म्हणजे आपलं सगळं क्लिअर आहे. तो प्रोफेशनल टॅक्स. तो राज्य सरकारला जातो, त्याचा इन्कम टॅक्सशी काही संबंध नाही, आणि इन्कम टॅक्समधून तो वजा होत नाही. तसंच पीएफ म्हणून बेसिकच्या १२ टक्के जातात ते तुमचेच पैसे, टॅक्स नव्हे. स्लिपवर टीडीएस किंवा इन्कम टॅक्स अशी वेगळी ओळ असते, ती शोधा. ती नाहीच किंवा तिच्यापुढे शून्य आहे, तर पुढचं वाचा.

ती ओळ आहे आणि आकडाही आहे, तर एक काम अजून करा, ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून फॉर्म २६एएस आणि एआयएस (तुमच्या पॅनवर जमा टॅक्स आणि उत्पन्नाची नोंद दाखवणारी स्टेटमेंटं) बघा की कापलेला पैसा तुमच्या पॅनवर जमा झालाय का. कारण कापलाच नाही आणि कापला पण भरला नाही या दोन पूर्ण वेगळ्या केसेस आहेत. कापून भरला नसेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. जुन्या कायद्यातलं कलम २०५ सांगतं की ज्या पगारातून टॅक्स कापला गेलाय त्यावर तोच टॅक्स परत तुमच्याकडून वसूल करता येणार नाही, आणि सीबीडीटीनेही, म्हणजे इन्कम टॅक्स खात्याच्या वरच्या बोर्डानेही, २०१५ आणि २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना तशा सूचना दिल्यात. २६एएस मध्ये दिसत नाही म्हणून सिस्टिम डिमांड (टॅक्स बाकी आहे, भरा अशी मागणी) पाठवेल, तेव्हा मुकाट्याने दुसऱ्यांदा भरू नका, पोर्टलवर डिमांडशी असहमत आहे असं उत्तर द्या आणि सॅलरी स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जोडा. म्हणूनच स्लिपा दर महिन्याला डाउनलोड करून स्वतःकडे ठेवा, नोकरी सोडली की कंपनीचं लॉगिन बंद होतं आणि मग पुरावा मिळवायला नाकी नऊ येतात.

आता मूळ केस, कापलाच नाही.

पहिला प्रश्न, टॅक्स बसतो तरी का? टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी रिजीम आणि नवी. नव्या रिजीममध्ये ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के, वर त्या टॅक्सवर ४ टक्के सेस. पगारदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट मिळते आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतचा सगळा टॅक्स रिबेटने माफ होतो. म्हणजे फक्त पगार असेल आणि तो वर्षाला पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर टॅक्स शून्य, आणि कंपनीने कापला नाही ते बरोबरच केलं. अशा वेळी फक्त रिटर्न भरायचं, विषय संपला.

पण इथे एक गोष्ट लोक विसरतात. कंपनीला फक्त तिने दिलेला पगार माहीत असतो. समजा पगार साडेबारा लाख आहे आणि घर विकून आलेले पैसे एफडीत ठेवलेत त्यावर वर्षाला ६० हजार व्याज येतं. कंपनीच्या हिशोबात टॅक्स शून्य. तुमच्या हिशोबात पगार अधिक व्याज १३ लाख १० हजार, त्यातून ७५ हजार गेले की उरले १२ लाख ३५ हजार, रिबेट गेली. १२ लाखांच्या थोडंसं वर गेलात तर मार्जिनल रिलीफ मिळते, म्हणजे वरच्या रकमेपेक्षा जास्त टॅक्स घेत नाहीत, म्हणून इथे ३५ हजार आणि सेस धरून ३६,४०० होतात. बँकेने व्याजावर १० टक्क्यांनी ६ हजार कापले असतील, तरी ३०,४०० तुमच्या खिशातून जायचेच. यात कंपनीची काही चूक नाही. व्याज, भाडं असं दुसरं उत्पन्न एचआरला लेखी कळवलं तर ते त्यावरचाही टॅक्स पगारातून कापू शकतात, तशी सोय कायद्यात आहे पण फार कमी लोक वापरतात.

दुसऱ्या उत्पन्नाचा हा पहिला प्रकार झाला. दुसरा प्रकार, ज्यात सगळ्यात जास्त लोक अडकतात, तो नोकरी बदलल्यावरचा. हे नीट समजून घ्या कारण पुण्या-मुंबईत आयटीत, बँकेत, सेल्समध्ये वर्षाच्या मधे कंपनी बदलणं नेहमीचं झालंय.

समजा एप्रिल ते सप्टेंबर पहिल्या कंपनीत ९५ हजार पगार होता, सहा महिन्यांचे ५ लाख ७० हजार. त्या कंपनीने वर्षाचा अंदाज धरला ११ लाख ४० हजार, त्यावर टॅक्स शून्य, म्हणून कापला नाही. ऑक्टोबरपासून नव्या कंपनीत १ लाख ४० हजार, सहा महिन्यांचे ८ लाख ४० हजार. नव्या कंपनीने आपल्यापुरता हिशोब केला, टॅक्स शून्य, तिनेही कापला नाही. दोघांचं गणित आपापल्या जागी बरोबर. पण सरकार बघतं तुमचं पूर्ण वर्ष, १४ लाख १० हजार. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन एकदाच मिळतं, दोन कंपन्या म्हणून दोनदा नाही, उरले १३ लाख ३५ हजार. टॅक्स २० हजार अधिक ४० हजार अधिक २०,२५०, म्हणजे ८०,२५०, सेस धरून ८३,४६०. आणि कापलेला शून्य. नव्या कंपनीत जॉइन होताना फॉर्म १२बी भरून आधीचा पगार सांगितला असता तर ही वेळच आली नसती. जॉइनिंगच्या वेळी ढीगभर फॉर्मवर सह्या होतात त्यात हा एकच फॉर्म पैशाने खरा महत्त्वाचा असतो आणि तोच राहतो, कारण बऱ्याच ठिकाणी तो मागत नाहीत, तुम्हालाच द्यावा लागतो.

तिसरा प्रकार, कंपनी छोटी आहे, मालकाने टॅन नंबरच (टॅक्स कापून भरणाऱ्याला लागतो तो) घेतला नाही किंवा अकाउंटंटने लक्ष दिलं नाही. महिन्याला दीड लाख पगार सरळ ट्रान्सफर होतो, वर्षाचे १८ लाख, त्यावर टॅक्स होतो १,५०,८०० आणि कापला शून्य. इथे चूक पूर्ण कंपनीची आहे, पगार देताना टॅक्स कापणं ही तिची कायद्याने जबाबदारी, नाही कापला तर तिला महिन्याला १ टक्का व्याज लागतं, दंड होऊ शकतो आणि पगाराच्या खर्चातला ३० टक्के भाग तिच्या हिशोबात नामंजूर होऊ शकतो. पण म्हणून तुमचा टॅक्स माफ होत नाही, हे मनात पक्कं करा. कायदा स्पष्ट म्हणतो की जिथे कापला गेला नाही तिथे ज्याचं उत्पन्न त्यानेच थेट भरायचा. कंपनीने कापला नाही तर मी का भरू, असं म्हणून जे बसून राहतात त्यांचं व्याज वाढत जातं, बाकी काही होत नाही.

चौथा प्रकार, ऑफर लेटरवर नोकरी म्हणाले पण कागदोपत्री तुम्ही कन्सल्टंट. पीएफ नाही, स्लिप नाही, इनव्हॉइस मागतात, आणि १० टक्के कापतात किंवा तेही कापत नाहीत. इथे स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, उत्पन्न धंदा-व्यवसायात जातं. डॉक्टर, वकील, इंजिनीअर, आर्किटेक्ट अशा ठरावीक व्यवसायांना अर्धी रक्कम नफा धरून टॅक्स भरायची सवलत आहे, तुम्ही त्यात बसत असाल तर बराच फरक पडतो. घरबसल्या अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या कंपनीसाठी काम करून डॉलरमध्ये पैसे घेणारे मराठी पोरंपोरीही बहुतेक याच गटात येतात, तिकडची कंपनी इथला टॅक्स कापणार नाही आणि तुम्ही इथे राहता म्हणून टॅक्स इथेच भरायचा, सगळाच्या सगळा स्वतः. वर्षाला २० लाखांच्या वर गेलात तर जीएसटीचाही विषय येतो, तेव्हा मात्र सीएकडे जाच.

आता कोणता महिना चालू आहे त्यावर काय करायचं ते.

वर्ष संपायला वेळ आहे, म्हणजे ३१ मार्चच्या आधी तुमच्या लक्षात आलं, तर पहिला फोन एचआर किंवा अकाउंट्सला. त्यांना राहिलेल्या महिन्यांत सगळा टॅक्स कापायची मुभा आहे, आधी कमी कापलेलं नंतर भरून काढायचं असं कायद्यातच आहे. याचा फायदा असा की जानेवारी ते मार्चमध्ये का होईना कंपनीने पूर्ण टॅक्स कापला तर तो टीडीएस धरला जातो आणि तुम्हाला एक रुपया व्याज लागत नाही. तीन महिने पगार कमी येईल, घरात आधी सांगून ठेवा, होम लोनचा हप्ता ज्या खात्यातून जातो तिथे पैसे शिल्लक आहेत ना बघा.

कंपनी ऐकत नसेल तर तुम्ही स्वतः अॅडव्हान्स टॅक्स भरा, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी. टीडीएस जाऊन वर्षाचा टॅक्स १० हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल तर अॅडव्हान्स टॅक्स लागतोच, १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के. बऱ्याच जणांना वाटतं हे धंदेवाल्यांसाठी आहे. पूर्वी यावर वाद व्हायचे की कंपनीने कापायला हवा होता म्हणून माझ्यावर अॅडव्हान्स टॅक्स नाही, पण २०१२ मध्ये कायदा बदलून ती पळवाट बंद केली, कंपनीने न कापता पगार दिला असेल तर अॅडव्हान्स टॅक्सची जबाबदारी तुमचीच.

व्याज किती, ते वरच्याच ८३,४६० च्या उदाहरणावर बघू. समजा फेब्रुवारीत कळलं आणि १५ मार्चच्या आत सगळे भरले. तर जून, सप्टेंबर, डिसेंबर हे तीन हप्ते चुकल्याचं व्याज, प्रत्येक हप्त्याला तीन महिन्यांचे ३ टक्के, म्हणजे ३७५, ११२५ आणि १८७५, मिळून ३,३७५. तेच रिटर्न भरताना २० जुलैला कळलं तर या तिघांवर मार्चच्या हप्त्याचे ८३४ वाढले, ४,२०९ झाले, आणि वर १ एप्रिलपासूनचं वेगळं व्याज सुरू झालं, महिन्याला १ टक्का, एप्रिल-मे-जून-जुलै चार महिने, आणि अर्धा महिना पण पूर्ण धरतात, ते ३,३३६. एकूण व्याज ७,५४५. आणि ३१ जुलैची रिटर्नची तारीखही चुकली तर अजून एक १ टक्का दर महिन्याला आणि ५ हजार लेट फी, ५ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १ हजार. पहिल्या केसमधून दुसऱ्यात जाताना व्याज दुपटीच्या वर जातं, म्हणून फेब्रुवारीत एकदा हिशोब करून बघाच.

पैसे भरायचे कुठे, तर ई-फायलिंग पोर्टलवर ई-पे टॅक्स म्हणून आहे, नेट बँकिंग, यूपीआय सगळं चालतं. तिथे दोन ठिकाणी लोक चुकतात. एक, प्रकार. ३१ मार्चपर्यंत भरताय तर अॅडव्हान्स टॅक्स, कोड १००. वर्ष संपल्यावर भरताय तर सेल्फ असेसमेंट टॅक्स, कोड ३००. दोन, वर्ष. २०२५-२६ च्या पगारासाठी असेसमेंट इयर (पगाराच्या वर्षानंतरचं वर्ष) २०२६-२७ निवडायचं. यंदा यात जास्तच गोंधळ आहे, कारण नव्या कायद्यात असेसमेंट इयर गेलं आणि टॅक्स इयर आलं, आणि टॅक्स इयर २०२६-२७ म्हणजे एप्रिल २०२६ पासून चालू झालेलं वर्ष. दोन्हीकडे आकडा २०२६-२७ च दिसतो पण वर्षं वेगळी आहेत! शब्द वाचा, नुसता आकडा बघून क्लिक करू नका. चुकलंच तर चलन दुरुस्त करायची सोय आहे पण तोपर्यंत तुमचं रिटर्न टॅक्स न भरल्यासारखं दिसतं. पैसे भरल्यावर चलनाची पावती डाउनलोड करा, तिच्यावरचा बीएसआर कोड (बँकेच्या शाखेचा नंबर), चलन नंबर आणि तारीख रिटर्नमध्ये टाकावी लागते. आणि रिटर्न भरताना भरायची रक्कम टॅक्स अधिक व्याज अशी पूर्ण भरा, नुसता टॅक्स भरलात तर त्यातून आधी व्याज वळतं करतात आणि टॅक्स थोडा बाकी राहतो, मग छोट्याशा रकमेची डिमांड येते.

फॉर्म १६ नाही म्हणून रिटर्न अडत नाही. बारा स्लिपा समोर ठेवा आणि त्यावरचा ग्रॉस पगार घ्या. खात्यात जमा झालेल्या रकमांची बेरीज करून तोच पगार म्हणून टाकणारे खूप आहेत, ते चुकीचं, कारण खात्यात येण्याआधी तुमचा पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स गेलेला असतो आणि तो पगाराचाच भाग आहे. स्लिपा नसतील तर कंपनीकडून लेटरहेडवर वर्षाच्या पगाराचं पत्र घ्या, बेसिक, एचआरए, बोनस वेगवेगळं लिहिलेलं. घरभाडं जास्त असेल, होम लोन असेल, ८०सी मध्ये (पीएफ, विमा अशी टॅक्स वाचवणारी) गुंतवणूक असेल तर जुन्या रिजीमनेही एकदा गणित करून बघा. कंपनीला काही डिक्लेअर केलं नव्हतं तरी पगारदाराला रिटर्नमध्ये रिजीम निवडता येते, फक्त रिटर्न मुदतीत भरायला हवं, मुदत गेली की नवीच रिजीम. भाडेपावत्या आणि करार जपून ठेवा, विचारलं तर दाखवावे लागतील.

हातात एकदम एवढे पैसे नसतील तर काय? रिटर्न तरी वेळेत भरा. जमतील तेवढे पैसे चलनाने भरा, उरलेल्यावर महिन्याला १ टक्का चढत राहील, मग डिपार्टमेंटची डिमांड नोटीस येईल, तिला साधारण ३० दिवस असतात, आणि हप्ते बांधून द्या असा अर्ज असेसिंग ऑफिसरकडे करता येतो. क्रेडिट कार्डवर फिरवत ठेवण्यापेक्षा हे व्याज खूपच कमी आहे. पैसे नाहीत म्हणून रिटर्नच भरायचं नाही हा सगळ्यात वाईट पर्याय, त्यात लेट फी, जादा व्याज आणि रिजीमचा चॉइस जाणं असा तिहेरी फटका बसतो.

आधीच्या वर्षीही असंच झालं होतं आणि तेव्हा रिटर्नच भरलं नाही, असं आता लक्षात येणारेही आहेत. त्यांच्यासाठी अपडेटेड रिटर्न आहे, आयटीआर-यू, असेसमेंट इयर संपल्यापासून आता चार वर्षांपर्यंत भरता येतं. टॅक्स आणि व्याजाच्या वर जादा रक्कम लागते, पहिल्या वर्षात २५ टक्के, मग ५०, ६०, ७०. म्हणजे २०२४-२५ च्या पगाराचं ३१ मार्च २०२७ पर्यंत भरलं तर २५ टक्के, २०२३-२४ चं त्याच तारखेपर्यंत भरलं तर ५०. जड आहे, पण डिपार्टमेंटने स्वतः शोधून काढलं तर उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड टॅक्सच्या ५० टक्के आणि मुद्दाम लपवलं असं ठरलं तर २०० टक्के लागतो.

कंपनीशी बोलताना भांडायची गरज नाही, तिलाही यातून सुटायचंच असतं. तुम्ही रिटर्न भरून टॅक्स भरलात की त्याची पावती आणि चलन एचआरला द्या, त्यावर सीएचं सर्टिफिकेट घेऊन फॉर्म २६ए भरला की कंपनी त्या न कापलेल्या टॅक्सच्या मूळ रकमेतून सुटते, तिला फक्त व्याज भरावं लागतं. ते व्याज तिचं आहे, तुमच्या पगारातून कापायला लागले तर नाही म्हणा. आणि तुम्ही भरून झाल्यावर उशिरा जाग येऊन मागच्या वर्षाचा टॅक्स यंदाच्या पगारातून कापतो म्हणाले तर लगेच चलन दाखवून थांबवा, नाहीतर एकाच उत्पन्नावर दोनदा पैसे जातील आणि परत मिळवायला फिरत बसाल.

चालू वर्षासाठी आजच एचआरला एक मेल टाका, माझा अंदाजे वार्षिक पगार एवढा, आधीच्या कंपनीचा एवढा, बाकी उत्पन्न एवढं, कृपया याप्रमाणे टीडीएस कापावा. तोंडी सांगू नका, मेलच करा. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पुढच्या स्लिपवर ती ओळ शून्यच दिसली, तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या चार तारखा मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा आणि पगाराच्या दिवशीच त्या महिन्याच्या टॅक्सचे पैसे वेगळ्या खात्यात टाकत जा, वरच्या दीड लाखवाल्याला महिन्याला साधारण १२,६०० बाजूला काढले की पुरतं.